एका स्पर्धेत दोन भारत कसे

मागच्या दाराची कडी काढली अन् समोर बगते तर भाभीच्या उंबऱ्यापाशी मानसंच मानसं. पान्याचा दिवस होता, गल्लीत आधीच घागरी, पिंपं, पायपा, पाय ठेवायला जागा न्हाई, अन् त्यात ही गर्दी. पयल्यांदा वाटलं, पान्यावरनं कुनाचं तरी भांडन लागलं. मग एकानं मोबाईल वर धरला अन् मोठ्यानं म्हनाला, "ही बगा. हेच दार. हाच पडदा." अन् मग मला दिसलं, भाभीच्या कडेवर माझी पोरगी होती. दीड वर्साची. तोंड भाभीच्या खांद्यात घालून बसलेली. तिच्या अंगात बाईच्या मापाचा पांढरा टी-शर्ट, पायाच्या खाली लोंबनारा, अन् त्याच्या पाठीवर हिरव्या अक्षरांत पाकिस्तान.

ती अक्षरं मी माझ्या हातानं चिकटवली होती. अन् तो शर्ट बी त्याच दिवशी मीच तिच्या अंगात घातला होता.

"कुनाची पोरगी ही?" तो मोबाईलवाला भाभीला इचारत होता. "काय शिकवता वो तुमी घरात? सव्वीस जानेवारी तोंडावर आली अन् पोरांना हे घालता?"

मी दारात उभी. हातात चिमटा तसाच. मागं प्रेस तापलेली, तिचा वास खोलीभर. भाभीनं मान वळवली अन् गर्दीच्या डोक्यावरनं नीट माझ्याकडं बगितलं. मी हलले न्हाई. हे आधीच सांगून टाकते, न्हाईतर पुढं सांगताना मी ते लपवंन. मी हलले न्हाई.

आता हे कसं झालं ते सांगते. मला नीट लावून सांगता येत न्हाई, नववीतनं शाळा सुटली, पन सांगते.

आमची खोली कोपऱ्याला हाय. पुढचं दार आमच्या गल्लीत, मागचं दार मागच्या गल्लीत, अन् मागच्या दाराच्या बरूबर समोर भाभीचं दार. मधी चार पावलं. माझं माहेर अक्कलकोटाकडं, सासर माळशिरस तालुक्यात, अन् आमचे हे चिंचोळी एमआयडीसीत कामाला म्हनून आमी हितं भाड्यानं. माझ्याकडं एक प्रेस मशीन हाय. सोलापुरात घरोघरी शाळेचे ड्रेस शिवत्यात, तसं माझ्याकडं खेळाच्या शर्टावर अक्षरं चिकटवायचं काम येतं. रबराची अक्षरं कापून येत्यात, ती शर्टावर सरळ मांडायची, वरनं प्रेस दाबायची, मोजून पंधरा आकडे म्हनायचे, उचलायची. दिसायला सोपं, पन एकदा चिकटलं की चिकटलं. उपटून काढलं तरी कापडावर त्याची सावली ऱ्हाते. धुवा, घासा, ती जात न्हाई.

प्रेस तापली की पोरगीला खोलीत ठेवता येत न्हाई. एकदा तिचं बोट लागता लागता वाचलं. तवापासनं मी प्रेस चालू केली की मागच्या दारातनं तिला भाभीकडं द्यायची. भाभी पन्नाशीच्या पुढची, अंगानं थोराड, हसली की गल्लीच्या टोकाला ऐकू येतं. तिची नात कॉलेजला, लेक दुकानात, घरात ती अन् तिचे मिस्टर, त्यांना दम्याचा तरास. "दे मेरेकू, तू तेरा काम कर," म्हनायची. पोरगी माझ्यापरीस तिच्याकडं लवकर झोपायची, हे मला आवडायचं बी अन् आवडायचं न्हाई बी.

तर आमच्याकडं दर सव्वीस जानेवारीला बायांची रस्सीखेच असते. मंडळ घेतं. पाच गल्ल्या, पाच टीम, अन् टीमला नावं देशांची. हे कुनी चालू केलं म्हाईत न्हाई, पन माझ्या लग्नाच्या आधीपासनं हाय. चिठ्ठ्या टाकत्यात, ज्या गल्लीला जी चिठ्ठी तो देश. फकस्त भारताची चिठ्ठी डब्यात पडतच न्हाई. भारत म्हंजे मंडळाची गल्ली, हे ठरल्यालं. "मंडप आमी घालतो, माइक आमचा, दोर आमचा," असं मंडळाचे दादा म्हनत्यात. मग उरलेल्या चार गल्ल्यांत श्रीलंका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अन् पाकिस्तान. ती चिठ्ठी का ठेवता म्हनून कुनीतरी इचारलं तर दादा हसत म्हनाले, "मग फायनलला रंगत कशी येनार? भारत-श्रीलंका बगायला कोन थांबतंय उन्हात?"

बायांना त्याचं काय नसायचं. तेलुगू गल्लीतल्या बायांना श्रीलंका आली की त्या एकमेकींना शूर्पनखा म्हनून हाक मारायच्या अन् पोट धरून हसायच्या. आमच्या गल्लीला इंग्लंड आलं तर एक म्हातारी आत्या पदर खवचून म्हनाली, "घ्या, भांडी घासता घासता मडम झालो की." पन मग लगीच म्हनाली, "पन मला सांगा, घटना वाचतो आमी, पाठ करतो आमी, अन् खेळायला भारत कायम त्यांचाच व्हय?" सगळ्या हसल्या. मी बी हसले. तवा ते हसन्यावारीच गेलं.

मागच्या गल्लीला पाकिस्तानची चिठ्ठी लागोपाठ दोन वर्सं आली. आता चिठ्ठीच ती, येऊ शकते. पन दोन वर्सं. आधी नावं नुसती माइकवर असायची. भाभी दोराच्या शेवटाला उभी ऱ्हायची, दोर कमरेला गुंडाळून, टाच मातीत रुतवून, अन् ती तितं उभी असली की अख्खी टीम हलायची न्हाई. माइकवाला वरडायचा, "पाकिस्तान जोर लावतंय, पाकिस्तान जोर लावतंय!" लोक शिट्ट्या मारायचे. भाभी बी हसायची. दोर सोडला की म्हनायची, "उसकू बोल, जोर मैं लगारी, पाकिस्तान नई लगारा."

ह्या वर्सी बी तीच चिठ्ठी आली. वर कुनीतरी टी-शर्ट द्यायला तयार झालं, अन् दादा माझ्याकडं आले. पाच टीम, नऊ-नऊ बाया. "पयले प्रत्येकाचा एक-एक नमुना कर. मी बगतो, मग बाकीचे कर. मागच्या गल्लीचं हिरव्यात कर." मी केले. पाच नमुने. मला अक्षरं म्हंजे अक्षरंच की वो. पाकिस्तानला चार अक्षरांची जागा सोडायची का पाचाची, एवढाच इचार माझ्या डोक्यात. सरळ बसलं, बरं वाटलं.

संध्याकाळी भाभी पोरगी द्यायला आली तवा तो शर्ट वाळत घातल्यासारखा खुर्चीवर टाकलेला. तिला मराठी वाचता येतं. ती आधी हसली. "अरे वा, मेरा शरट!" अंगाला लावून बगितला. मग हसू गेलं. शर्ट खुर्चीवर नीट परत ठेवला अन् म्हनाली, "माइकपे बोले तो हवा में गया. ये मैं पेनके खड़ी रही तो लोगां फोटो निकालते. फोटो किधर किधर जाता. मेरी नातिन कॉलेज को जाती. उसकू क्या बोलेंगे?"

"मग काय लिवू भाभी?"

"भारत लिख ना. हमारेकू भी भारत लिख. नक्को तो खाली गल्ली का नाम लिख. भारत बोल, इंडिया बोल, हिंदुस्तान बोल, मेरेकू कुछ भी चलता. ये नक्को."

मी दुसऱ्या दिवशी दादांकडं गेले. दादा वाईट मानूस न्हाई, खरं सांगते. माझ्या बाळंतपनात रिक्षा त्यांनीच बगून दिली होती. मी म्हनलं, "दादा, मागच्या गल्लीला बी भारत द्या की."

"अगं, एका स्पर्धेत दोन भारत कसे? फायनलला दोनी आले तर माइकवर काय म्हनायचं? भारतानं भारताला वडलं?"

"मग गल्लीची नावं घालू."

"मग ती गल्लीतली भांडनं हुतील, स्पर्धा न्हाई."

मला एक सुचलं होतं, ते मी सांगितलं. आमच्या आत्या म्हनल्या होत्या की घटनेत दोनी नावं हायत, भारत बी अन् इंडिया बी. मी म्हनलं, "तुमच्या टीमवर भारत घालते, त्यांच्या टीमवर इंडिया. नावं दोन, देश एकच. कुनालाच राग याचा न्हाई."

दादा माझ्याकडं बगतच ऱ्हायले. मग बाजूला बसलेल्या दोगांकडं बगून म्हनाले, "ऐका, ही आता देश वाटून द्याया लागली." ते हसले. एक जन म्हनाला, "मग आमी इंडिया न्हाई व्हय? आमचं अर्धं काढून त्यांना द्यायचं?" दादा म्हनाले, "जा तू. मी इचार करून सांगतो. तवर मागच्या गल्लीचं थांबव."

मी घरी येऊन भाभीला सांगितलं तर ती बी खुश न्हाई. "इंडिया क्यूं? हम क्या इंग्लिस बोलते?" मग माझं तोंड बगून हसली. "अच्छा चल, इंडिया तो इंडिया. कुछ तो मिला."

पन दादांचा निरोप काय आला न्हाई. तो नमुना माझ्याकडंच पडून ऱ्हायला. मी अक्षरं गरम करून उपटायला गेले तर एक अक्षर निम्मं निघालं अन् कापड ताणलं. मग सोडून दिलं. शर्ट टाकून दिलेल्या ढिगात टाकला. आता हे आमच्या कामातल्या बायांना सांगायला नको, पन तुमाला सांगते. बिघडलेलं एक बी कापड बाहेर जात न्हाई, घरातच वापरात येतं. पोरगीचं दुपटं, पुसनं, उशीचा अभ्रा, सगळं त्यातलंच. माझी पोरगी कॅप्टनवर झोपलीय, ऑस्ट्रेलियात दूध वकलीय. अक्षरांकडं कोन बगतंय. मला तर लिवलेलं बी दिसत न्हाई, कापड दिसतं, सुती हाय का, मऊ हाय का.

त्या दिवशी पानी आलं ते अकराच्या पुढं. पाच दिवसांनी आलेलं पानी, सगळी गल्ली तुटून पडली. मी एका हातानं पाइप, एका हातानं पोरगी. ती घागरीत हात घालून पुरती भिजली, नाकातनं पानी. थंडीचे दिवस. तिचे दोनी फ्रॉक दोरीवर वले. मी ढिगात हात घातला, जे कोरडं लागलं ते तिच्या डोक्यातनं खाली घातलं, हातांना गाठी मारल्या अन् मागच्या दारातनं भाभीला दिली. दुसऱ्या दिवशीचं काम अडलेलं, प्रेस लावायची होती. तिची पाठ माझ्याकडं नव्हती. भाभीनं बी तिला छातीशी धरून घेतलं, तिनं बी पाठ बगितली न्हाई.

मग पोरगी भाभीच्या दारात उभी ऱ्हायली असंल, चौकट धरून, पाठ गल्लीकडं करून. ती तशीच उभी ऱ्हाते. कुनी फोटो काढला ते आजपातुर कळलं न्हाई. फोटोत तिचं तोंड न्हाई. पडदा हाय, चौकटीवरची पाटी हाय, भाभीचा हिरव्या बांगड्यांचा हात हाय, अन् मधी तो शर्ट. खाली लिवलेलं, बगा आपल्या एरियात काय चाललंय. तासाभरात माझ्या मोबाईलवर बी आला. मी प्रेसवर होते, मोबाईल बगितला न्हाई. आरडाओरडा ऐकूनच दार उघडलं.

तर मी दारात उभी. इस-पंचवीस मानसं. निम्मी मंडळाच्या गल्लीतली, निम्मी कधी न बगितलेली. मागच्या गल्लीतल्या बाया घागरी धरून भिंतीला लागल्या होत्या. त्यांना सगळ्यांना म्हाईत की पोरगी कुनाची. एकीनं बी सांगितलं न्हाई. अन् गर्दीच्या कडेला दादा उभे. त्यांनी मला बगितलं, मी त्यांना. तो शर्ट कुनी सांगितला, कुनी केला, हे त्या गल्लीत आमा दोगांनाच पक्कं ठाव. अन् तिसरी भाभी.

"कुनाची पोरगी, सांगा की!"

भाभी म्हनाली, "मेरी नातिन है. बच्ची है. जो सूखा मिला वो पेनाई. मेरी गलती."

अगदी सरळ म्हनाली. जसं काय रोजचं.

माझं तोंड उघडलं होतं. मला वाटलं आता मी म्हननार. पन माझ्या डोळ्यापुढं आमची खोली आली, घरमालक आला, आमच्या ह्यांची नोकरी आली, अन् ती प्रेस आली. म्हननार म्हननार म्हनतच ऱ्हायले.

"काढा तो शर्ट. आत्ताच्या आत्ता."

भाभीनं तितंच उंबऱ्यावर पोरगीच्या हाताच्या गाठी सोडल्या. गाठी घट्ट होत्या, सुटत न्हवत्या, तिनं दातानं सोडल्या. शर्ट काढून दिला. पोरगी उघडी, रडाया लागली, भाभीनं वढनीत गुंडाळली. मग मोबाईलवाला म्हनाला, भारत माता की जय म्हना, मोबाईलकडं बगून. भाभीनं म्हनलं. एकदा नव्हं, तीनदा. दोर वडताना ती जशी वरडते ना, त्याच आवाजात म्हनलं. तिचे मिस्टर आतनं खोकत बाहेर आले, त्यांना बी म्हनायला लावलं. त्यांचा दम लागला, अर्ध्यातच बसले.

शर्ट दादांनी घेतला. "मी ठेवतो," म्हनाले, घडी घातली अन् गाडीच्या डिकीत टाकला. गर्दी गेली. पानी पन गेलं. कुनाचीच पिंपं भरली न्हाईत.

आमचे हे शिफ्ट संपवून आले तर त्यांच्या मोबाईलवर बी तो फोटो. त्यांनी पोरगी पाठीवरनं ओळखली. बाप हाय, ओळखनारच की. मी सगळं सांगितलं. म्हनले, "गप ऱ्हायचं. एक शबुद न्हाई. आपन कोन लागून गेलो? त्यांच्या दारात आज आले, उद्या आपल्या दारात येत्याल. आपल्यामागं कोन हाय?"

"भाभीमागं तरी कोन हाय?"

"ते त्यांचं त्यांनी बगावं," म्हनले, पन माझ्याकडं न बगता म्हनले. जेवले बी न्हाईत नीट.

दुसऱ्या दिवशी मी मागचं दार उघडलंच न्हाई. प्रेस लावली न्हाई. पोरगी दाराला थापा मारत होती. तिसऱ्या दिवशी काम द्यायचंच होतं, दार उघडलं तर भाभी उंबऱ्यात लसूण सोलत बसलेली. हात पुढं केला. "ला, बच्ची दे."

मी म्हनलं, "भाभी, मी त्या दिवशी…"

"तू बोलती तो तेरे घर पे आते. मेरे घर पे तो आते रेहते. दे बच्ची दे, तेरी मशीन गरम होरी."

तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पोरगी दिली अन् आत जाऊन प्रेसवर पंधरा आकडे म्हनाया लागले तर आकडेच आठवंनात. सातवर गेले की परत एक.

त्याच दिवशी, दुपार व्हायच्या आत, हवालदार आला. संगट दादा. कुनीतरी अर्ज दिला होता म्हनं. मी आवाज ऐकून मागच्या दाराशी आले. हवालदार भाभीच्या दारातल्या खुर्चीवर बसला, मांडीवर फायल घेतली. वयस्कर होता, चिडलेला नव्हता, नुसता कटाळलेला. भाभी खाली बसलेली अन् माझी पोरगी तिच्या मांडीवर, तिच्या बांगड्या मोजत.

"फोटोतली मुलगी हीच का?"

"हौ."

"तुमची कोण?"

"नातिन."

"मुलाची की मुलीची? आधार कार्ड, जन्माचा दाखला काही असेल तर आणा. आणि मिस्टरांना संध्याकाळी चौकीत पाठवा, जबाब घ्यावा लागेल."

भाभीनं पोरगीला जवळ वढलं. तिला लेकाची एकच लेक, ती कॉलेजला. दुसरी नात न्हाईच, तर दाखला कुठला आननार? अन् तिचे मिस्टर जिन्यावर चढले तर बसत्यात, ते चौकीत काय बोलनार? आतनं त्यांचा खोकला ऐकू येत होता. भाभी म्हनाली, "दाखला गाव पे है साब." आजून एक खोटं. ते आता कागदावर लिवलं जानार, तिच्या सहीसंगट.

चार पावलं. मी ती कशी टाकली मला आठवत न्हाई. एवढं आठवतं की माझ्या हातात अक्षरं होती, कुठलीतरी, अन् ती माझ्या घामानं हाताला चिकटली होती.

"साहेब, पोरगी माझी हाय."

हवालदारानं वर बगितलं. भाभीनं डोळे मिटले.

"माझी हाय. माझी पोरगी. दाखला हाय माझ्याकडं, आत्ता आनते. ह्या नुसत्या सांभाळत्यात. शर्ट मीच घातला. मीच छापला. माझ्याकडं मशीन हाय, या बगा, तितं हाय. रस्सीखेचीचा नमुना होता, बिघडला, म्हनून पोरगीला घातला. पोरगी भिजली होती. पानी आलं होतं साहेब त्या दिवशी."

मी एका दमात बोलले. पोरगी माझ्याकडं बगून हसली अन् भाभीच्याच मांडीवर बसून ऱ्हायली.

हवालदारानं पेन कागदावर टेकवला. "रस्सीखेचीचा नमुना. ठीक आहे. हे नाव छापायला कुणी सांगितलं?"

दादा हवालदाराच्या खुर्चीमागं उभे होते. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर. त्यांनी मान हलवली न्हाई, डोळे मोठे केले न्हाईत, काय केलं न्हाई. नुसते खाली, फायलीकडं बगत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता, जानेवारीत. त्यांना बी भ्या वाटत होतं. हे मला दिसलं अन् मला त्यांचं वाईट वाटलं, अन् मला माझं बी भ्या वाटलं, दोनी एकाच टायमाला.

"कुनी न्हाई," मी म्हनलं. "चिठ्ठ्यांत ते नाव असतं म्हनून मीच छापलं. माझ्या मनानं."

पेन चालला. हवालदारानं वाचून दाखवलं, त्यात अनवधानाने असा शबुद होता, तो मला त्यांनी समजावून सांगितला. मी सही केली. मिस्टरांना चौकीत यायची गरज न्हाई म्हनले. दादांनी हवालदाराला चहा पाजला. जाताना मला म्हनले, "शहानी हायस तू," अन् गाडीला किक मारली.

मी भाभीकडं वळले. मला वाटलं ती माझा हात धरंल. तिनं पोरगी उचलली अन् माझ्या कडेवर दिली. पयल्यांदा तिनं आपनहून दिली, न मागता.

"पूरा बोलना नई था तो आधा कायकू बोली?"

"भाभी, तुमच्यावरचं निघालं की. कागदावरनं निघालं."

"कागज पे से निकला. मोबाईल में से निकला क्या?" ती म्हनाली. "मेरा जय बोलनेका विडिओ सबके पास है. तेरा कागज किसके पास है? अब लोगां क्या बोलेंगे मालूम? बोलेंगे, बुढ्ढी ने गरीब की बहू कू डराके सही ली. और उसके मन से छपा, बोले तूने. तेरे मन से! अब तू भी फसी, मैं तो फसीच थी. जिसने बोला उसका नाम किधर है?"

ती आत गेली. पडदा सोडला.

तसंच झालं. तो कागद चौकीत पडून हाय, कुनी बगितला न्हाई. भाभीचा विडिओ आजून येतो, कधी ह्या ग्रुपवर, कधी त्या. आमच्या गल्लीत दोगी-तिगी म्हनत्यात की मी भाभीचे पैसे घेऊन बोलले. मागच्या गल्लीत म्हनत्यात की मी दादांचं घेऊन बोलले. सव्वीसला रस्सीखेच झाली, चारच टीम. मागच्या गल्लीची एक बी बाई आली न्हाई. फायनल भारत-श्रीलंका झाली, तेलुगू गल्लीनं मंडळाला फरफटत वडलं अन् माइकवर म्हनायला काय सुचंना म्हनून गानं लावलं.

पोरगी आता भाभीकडं जात न्हाई. म्हंजे भाभी न्हाई म्हनली न्हाई. मीच देत न्हाई. प्रेस लावते तवा पोरगीला खाटंच्या पायाला बांधते, पदराची पट्टी करून, लांब. ती मागच्या दाराकडं तोंड करून बसते. आमचे हे म्हनत्यात, निस्तरलं न्हवं, आता इसर. दादा परवा येऊन म्हनले, पुढच्या वर्सी चिठ्ठीच ठेवायची न्हाई ती, झालं तर मग? मी म्हनलं, व्हय. अन् ते पायरी उतरून गेले तरी मी तितंच उभी. चौकी हितनं लांब न्हाई, पायी दहा मिनटं. अजून जाऊन दुसरा जबाब देता येतो म्हनत्यात. रोज सकाळी मी चप्पल घालते अन् रोज काढते. दादांनी रिक्षा आनली होती त्या दिवशी मला पावसात, नसती आनली तर पोरगीच नसती. अन् भाभीनं तिला इतके दिवस सांभाळलं, अन् स्वताची म्हनली.

तुमी सांगा. तुमची पोरगी त्या मांडीवर, हवालदाराचा पेन टेकलेला, अन् ज्यानं सांगितलं तो मानूस खुर्चीमागं उभा राहून घामाघूम. तुमी त्याचं नाव घेतलं असतं? का माझ्यासारखं आधीच थांबला असता? का ती चार पावलं टाकलीच नसती?